न लावलेला कौल

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. मुलाला नाही, दोस्ताला नाही, देवापुढं उभा राहूनसुद्धा नाही — देवापुढं तर नाहीच. का, ते पुढं येईल. मी तिसरी यत्ता शिकलेला माणूस. माझं अक्षर गवंड्याच्या हाताचं, जाडं. लिहायची सवय नाही. थांबत थांबत लिहीन, मध्येच भलतीकडं वळेन. तुम्ही समजून घ्या, किंवा नका घेऊ. खरं बोलायची जागा जवळ आली की मी बाजूनं जातो, एवढं मला माझं ठाऊक आहे.

आधी मी कोण ते सांगतो. चाळीस वर्षं रत्नागिरीत चिऱ्याचं बांधकाम केलं. माझ्या हातच्या भिंतीला आजही ओळंबा लावून बघा, सुताचा फरक दिसणार नाही. ही फुशारकी वाटेल. आहेच. शाळेतले मास्तर, कचेरीतले साहेब, वकील — जागा घ्यायची म्हटली की आधी मला न्यायचे. "मिस्त्री, जरा नजर टाका." मी जायचो. एक चक्कर मारायची, माती बोटांत चोळायची, विहिरीत डोकवायचं, आणि एकच शब्द बोलायचा. घ्या, नाहीतर सोडा. कुणी कारण विचारलं तर मला राग यायचा. मी काय कोर्टात उभा आहे, कारण द्यायला?

पण कारण असायचं. जागेतलं मला कळत होतं. म्हणजे असं, की कळलं नाही म्हणून चूक झाली असं मला म्हणता येत नाही. ती वाट माझी मीच बंद केलेली आहे.

ऐंशी साल असेल. बायको आदल्या वर्षी गेलेली. गुडघे धरले होते, परांचीवर चढवत नव्हतं. मुलगा मुंबईत, मनिऑर्डर करायचा. करायचा म्हणजे — पोस्टमन दारात उभा राहिला की मला मान खाली घालावीशी वाटायची. मुलाच्या पैशावर जेवायचं? मी? तेव्हा ठरवलं, जे काही साठवलंय त्यातून जागा घ्यायची, चार खोल्या बांधायच्या, भाड्यानं द्यायच्या. रत्नागिरी तेव्हा वाढत होती. बदलीवरची माणसं घाटावरून यायची, मास्तर, कारकून, नर्सबाया. खोली कुठं मिळेल का, विचारत फिरायची.

भाड्याच्या खोलीचं एक असतं. घर बांधणारा भिंत बघतो, छप्पर बघतो. भाडेकरू विहीर बघतो. आधी पाणी, मग एसटी किती लांब, मग शाळा, मग वाटेवर दिवा आहे का. भिंत तो शेवटी बघतो, खिळा मारायला मिळेल का म्हणून. आणि तो आपल्यासारखा जागेला बांधलेला नसतो. नाही पटलं तर ट्रंक उचलली, चालला. जागा चुकली तर चुकते मालकाची. भाडेकरूचा काय, एक महिना जातो.

हे सगळं मी लोकांना सांगत होतो. फुकट सांगत होतो.

एक आंबेवाले तात्या होते. बाग विकून मुलाकडं जायला निघालेले. त्यांचे उतारावर दोन तुकडे होते. एक वर, सडकेला लागून, विहीर खोल पण बारा महिने गोड. दुसरा खाली, खाडीच्या काठाला. मध्ये चिऱ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, साठ-सत्तर पायऱ्या. मला वरचा हवा होता. बघितल्याबरोबर हवा होता. आडव्या सडकेवर एसटी थांबायची, शाळा हाकेच्या अंतरावर. तात्या म्हणाले, "मिस्त्री, घ्याल तर दोन्ही घ्या. वरचं लोणी तुम्ही खाणार आणि खालचं ताक माझ्या गळ्यात? नाही जमायचं." आणि मागं एक कंत्राटदार लागलेला. तो दोन्ही घ्यायला तयार होता. शनिवारपर्यंत सांगा, म्हणाले.

दोन्ही घ्यायची माझी ऐपत नव्हती.

आता शेवंती येते. शेवंती माझी धाकटी बहीण. तिचा नवरा मुंबईला गोदीत होता, वारला. मूलबाळ नाही. देवरुखाकडच्या गावात सासरी राहायची, जावेच्या हाताखाली. गोदीतून नवऱ्याचा फंड मिळालेला, तो दिराला न देता तिनं धरून ठेवला होता. त्यावरून घरात रोज बोलणी खायची. ती मला म्हणाली होती, "दादा, दोन खोल्या करून दे मला. एका खोलीत एक भाडेकरू, दुसरीत दुसरा, आनि पडवीत मी. कुनी म्हनाया नको, बसून खाते." एवढंच तिचं मागणं. दुसऱ्याच्या चुलीवर म्हातारपण काढायचं नाही. माझंही तेच होतं की! म्हणून तर मला तिचं मन कळत होतं. कळत असून —

नाही. क्रमानं सांगतो.

खालच्या तुकड्याची विहीर मला ठाऊक होती. दहाएक वर्षांपूर्वी तात्यांच्या तिथल्या कुंपणाचा दगडी गडगा मीच घातला होता, ऐन वैशाखात. तहान लागली म्हणून पोहरा ओढला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकलो. मचूळ. मिठाचं बोट घातल्यासारखं. आमची गडीमाणसं वरून कळशीनं पाणी आणायची. खाडीकाठच्या विहिरीचं असंच असतं. पावसाळ्यानंतर, मार्गशीर्षात, पौषात पाणी गोड लागतं. होळी झाली की गोडं पाणी खाली जातं, खाडी आत झिरपते. म्हणून खाडीकाठची विहीर वैशाखात बघायची, हे इथल्या कुणालाही विचारा, सांगेल. मी तर दुसऱ्यांना सांगायचो. एका मास्तराला मी पौषात जागा बघू दिली नव्हती. "वैशाखात या," म्हटलं होतं, आणि त्याला वाचवलं होतं.

शेवंतीला मी पौषात नेलं.

ती डोंगराकडची बाई. तिकडं झऱ्याचं पाणी, तिला खाडीची रीत काय ठाऊक? तिनं पोहरा ओढला, ओंजळीनं प्याली, पदरानं तोंड पुसलं. "गोड हाय रे, दादा. आमच्याकडच्यापरीस गोड." मी खाडीकडं बघत होतो. भरती लागलेली. एक होडी काठाला आलेली, ती बघत होतो. तेव्हा एक शब्द बोलायचा होता. सोडा. माझा नेहमीचा शब्द. दुसऱ्यांना किती वेळा दिलेला!

तरी ती शहाणी होती, हे सांगितलंच पाहिजे. वर चढताना पाखाडीवर दम खात थांबली आणि म्हणाली, "लांब नाय रे पडनार? भाडेकरू हितं खाली कशाला येल?" बघा. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, आणि मला जे चाळीस वर्षांत कळलं ते तिला दहा पायऱ्यांत कळलं. मी म्हटलं, खाडीकाठानं रस्ता यायचा आहे, मग हीच जागा पुढची होईल. रस्ता येणार असं तात्या म्हणाले होते. मलाही तसं वाटत होतं. नाही, खोटं. वाटावं असं वाटत होतं.

ती आणखी पाचदहा पायऱ्या चढली. मग म्हणाली, "देवाला विचारू या. उजवा दिलान् तर घेऊ."

आमच्या गावाकडं मोठं काम निघालं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि आपण बघत उभं राहायचं. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. घरातला थोरला पुरुष जातो. आमच्या घरात थोरला मी. शेवंतीनं स्वतः बाजारातून नारळ निवडून आणला, कानाशी हलवून बघितला, हळदकुंकू लावलं, फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "माझं नाव घेऊन विचार," म्हणाली.

मी एसटीनं गेलो. फाट्यावर उतरलो. तिथून देऊळ अर्ध्या तासाच्या वाटेवर. देवळाखाली एक पऱ्या आहे, पौषात त्यात घोट्याएवढं पाणी असतं. पऱ्या ओलांडला की समोर देवळाच्या पायऱ्या. मी पऱ्यापर्यंत गेलो. वर घंटा वाजली, कुणीतरी आलं असेल.

आणि मी थांबलो.

डावा पडला तर?

डावा पडला तर शेवंती घेणार नाही. शेवंतीनं घेतला नाही तर तात्या वरचा देणार नाहीत. शनिवारी कंत्राटदार दोन्ही उचलेल. मग मी कुठं? पोस्टमनच्या पुढ्यात, मान खाली घालून. हे सगळं डोक्यात एकदम. तुम्हाला वाटेल याचा देवावर विश्वास नव्हता. होता हो! विश्वास होता म्हणूनच पाय उचलेना. देव डावाच देणार, याची मला खात्री होती. ती विहीर त्याला ठाऊक नसेल का?

मी विचारलंच नाही.

पऱ्यातल्या एका कातळावर मी तो नारळ फोडला. पाणी पऱ्यात गेलं. दोन भकलं फडक्यात बांधली. कौल लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथं बसलो, दोन विड्या ओढल्या, आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

शेवंती तेव्हा माझ्याकडंच उतरलेली, दारातच उभी होती. "काय दिलान्?"

"उजवा."

एक शब्द. तिनं दोन्ही हात पसरले, नारळाचं भकल डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, तुकडा तोडून तोंडात घातला. उरलेला शेजारी वाटून आली. मी पाय धुवायच्या निमित्तानं मागीलदारी गेलो. प्रसाद मी खाल्ला नाही. म्हटलं, देवळातच खाल्ला.

जागा झाल्या. वरची माझी, खालची तिची. तिच्या दोन खोल्या मी स्वतः उभ्या केल्या, गुडघे दुखत असताना. मजुरी घेतली नाही. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत होतो, बहिणीकडून कवडी घेतली नाही म्हणून. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. आणि मी मान हलवायचो!

पण त्या चैत्र-वैशाखात मी सारखा पाखाडीकडं डोळे लावून असायचो. शेवंती येईल, पाणी चाखेल. मी तिला निरोपावर निरोप धाडले, उन्हाची येऊ नको, काम झालं की बोलावतो. मातीकामाला वरच्या विहिरीचं पाणी आणवलं. गडी विचारायला लागले, खाली विहीर असताना हेलपाटे कशाला? म्हटलं, विहिरीत पालापाचोळा कुजलाय. खरं कारण दुसरंही होतं. मचूळ पाण्यात कालवलेला गिलावा फुटतो, पांढरी पूड धरतो. भिंत माझ्या नावावर होती ना. भिंतीचं नाव मी जपलं.

गणपतीनंतर भाडेकरू आले. एका खोलीत कचेरीतला कारकून आणि त्याची बायको, दुसरीत एक कंपाउंडर. शेवंती पडवीत राहायला आली. तिच्या तोंडावर मी तेव्हा जे बघितलं ते लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. दारात तुळस लावली, सारवण घातलं. जावेला मुद्दाम बोलावून दाखवलं.

चैत्रात कारकुनाच्या बायकोची डाळ शिजेना. दोन-दोन तास चुलीवर, तरी दाणा अख्खा. वैशाखात ते गेले. कंपाउंडर त्याच्या आधीच गेला होता. शेवंती तांब्या घेऊन साठ-सत्तर पायऱ्या चढून माझ्याकडं आली. "चव बघ रे, दादा. मलाच असं लागतंय का?"

मी चाखलं. दहा वर्षांपूर्वीची तीच चव. म्हटलं, "यंदा पाऊस कमी झाला गो. एखाद्या साली होतं असं."

मग दर साली तसं झालं. दसऱ्याला माणसं यायची, शिमग्यानंतर जायची. वर माझ्या चार खोल्या एक दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. खाली तिची पाटी दारालाच असायची, खडूनं लिहिलेली, मीच लिहून दिलेली. मग तिनं तोड काढली. माझ्या विहिरीवरून हंडे भरून खाली न्यायचे, भाडेकरूला आयतं गोडं पाणी द्यायचं. पन्नाशी उलटलेली बाई. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, पाखाडी उतरायची. माझ्या भाडेकरू मास्तरणीनं कुरकुर केली, विहिरीचं पाणी खाली जातंय म्हणून. तिचंही खरं होतं, वैशाखात पाणी खोल जायचं. मी शेवंतीला सांगितलं, उजाडायच्या आत येत जा, बाकीच्यांचं भरायच्या आधी. माझ्या बहिणीला मी विहिरीची वेळ बांधून दिली.

आणि ती काय सांगत फिरायची? "दादा हाय म्हनून पानी तरी हाय."

एकदा मात्र उघडं पडलो होतो. बाजारात आम्ही दोघं सुपं घेत होतो आणि समोर आमच्या गावचा गुरव. म्हाताऱ्यानं हात धरला. "काय मिस्त्रीनू, गावाला विसरलाव? धा वर्सं झाली असतील, देवळाकडं पाय नाय वळले तुमचे."

शेवंती हसली. "असं कसं? जागेच्या येळेला कौलाला न्हवते का आले? तुमीच तर लावलाव. उजवा दिलान्."

गुरवानं माझ्याकडं बघितलं. मी सुपाच्या कामट्या मोजत होतो. बाजूला कोळणी ओरडत होत्या. मग तो म्हणाला, "आसंल, बाय. म्हाताऱ्याच्या ध्यानात काय ऱ्हातंय?" आणि माझा हात सोडला. सोडला म्हणजे टाकला. पुढं तो कधी मला भेटला नाही, मी भेटू दिला नाही. गावची जत्रा चुकवली, पुतण्याचं लग्न चुकवलं. गुडघ्याचं निमित्त होतंच.

पाचव्या वर्षी शेवंती दमली. तो तुकडा एका मच्छीवाल्यानं जाळी ठेवायला घेतला, खोल्यांसकट, मातीच्या मोलानं. जाळ्यांना पाणी मचूळ काय आणि गोड काय. रस्ता आला नाही. मी तिला म्हटलं, चल माझ्याकडं. ती आली. ट्रंक, तुळशीची कुंडी आणि हंडा घेऊन आली. जिला कुणाच्या चुलीवर म्हातारपण काढायचं नव्हतं ती माझ्या चुलीवर आली, आणि लोक परत म्हणाले, भाऊ असावा तर असा.

इथवर सांगितलं, ते एक वेळ कुणी माफ करील असं वाटेल तुम्हाला. माफी मागायला बसलेलो नाही. आणि अजून एक राहिलंय. तेच खरं.

माझ्याकडं आल्यावर मला दिसलं, ती चहा पीत नाही. आधी तर चहाबाज होती, गुळाचा का होईना, पण दिवसाला चार वेळा. मी विचारलं नाही. दोन वर्षं विचारलं नाही. मग एकदा तांदूळ निवडता निवडता तिनंच सांगितलं. "तू कौलाला गेलावतास ना, त्या दिशी परसाद येईस्तवर मी उपाशी ऱ्हायाचं ठरवलेलं. दुपारी डोकं लय दुकाया लागलं, घोटभर चा घेतला. देवानं उजवा दिलेला, दादा. माज्या हातनं बाट लागली. म्हनून जागा फळली नाय." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. रडली वगैरे नाही. तिच्या लेखी हिशेब लागलेला होता. देव खरा, दादा खरा, चुकली ती. म्हणून चहा सोडलान्.

मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडायला काय लागत होतं? गो, मी देवळात गेलोच नव्हतो. एवढंच. भीती कसली होती मला? ती घर सोडून जाईल याची? जाईल कुठं? नाही, ती माझ्याकडं बघेल याची भीती होती. गुरवानं बघितलं तसं. आजवर माझ्याकडं तिनं तसं कधी बघितलेलं नाही, आणि तेवढ्यासाठी मी तिला तिच्या चहाच्या घोटाचं पाप वाहू देतोय. रोज. सकाळी ती माझ्यासाठी चहा करते, आलं ठेचून, आणि मी प्यालो की कप विसळते. वास येत असेल की तिला.

तुम्ही म्हणाल, आता लिहिलंस ना, आता तिला कळेल. तेही सांगून टाकतो. शेवंतीला वाचता येत नाही. येत असतं तर मी हे लिहिलं नसतं.

आत्ता ती चहा ठेवून गेली. कागदाच्या शेजारीच ठेवलान्, जरा वाकून अक्षरांकडं बघितलं. "सकाळधरनं काय लिवतोस रे एवढं?"

भाडेपावत्या, म्हटलं.

"डोळं दुकतील," म्हणाली, आणि आत गेली. मी चहा प्यालो.